ब्रेकचे कार्य : थांबण्याचे गणित

आपल्या वसतिगृहातील रात्रीची अभ्यासिका माजी विद्यार्थ्यांना आठवत असेलच. जेवणाची ताटे धुऊन जागेवर गेली की घंटा होते, सतरंज्या अंथरल्या जातात आणि दहा वाजेपर्यंत कोणीही जागचे उठायचे नाही असा दंडक आहे. मी इतिहासाचा शिक्षक. परंतु अभ्यासिकेवर ज्याची पाळी असेल त्याने सर्व विषयांच्या शंकांना सामोरे जावे, अशी येथील रीत आहे. अशाच एका रात्री नववीतील एक विद्यार्थिनी वही घेऊन पुढे आली. ‘कार्य आणि ऊर्जा’ या पाठावरील एक उदाहरण तिने सोडवले होते : १,००० किलोग्रॅम वस्तुमानाची मोटार ताशी ७२ किलोमीटर वेगाने जात असता ब्रेक लावून थांबवली, तर ब्रेकने केलेले कार्य किती?

उत्तर बरोबर होते. तिची शंका निराळीच होती. “सर, उत्तराच्या आधी उणे चिन्ह आले आहे. मग ब्रेकने काम केले की नाही केले?”

मी तिला त्या रात्री पुरते उत्तर देऊ शकलो नाही. दुसऱ्या दिवशी विज्ञानाच्या सहकाऱ्यांशी बोललो, पुस्तके चाळली, आणि लक्षात आले की या एका उणे चिन्हामागे दोनशे-तीनशे वर्षांचा इतिहास आहे आणि पुढे रोजचा रस्ता आहे. आपले कितीतरी माजी विद्यार्थी आज मालमोटारी, टेम्पो, एस.टी. आणि रिक्षा चालवतात. काहींनी स्वतःची मोटार घेतली आहे. पालक दुचाकीवरून मुलांना सोडायला येतात. म्हणून ते उत्तर त्या मुलीपुरते न ठेवता स्मरणिकेच्या वाचकांसमोर पाठाच्या रूपाने मांडत आहे. वाचकांनी शेजारी एक कागद आणि पेन्सिल घेऊन बसावे, एवढीच विनंती.

कार्य म्हणजे काय?

व्यवहारात आपण ‘काम’ हा शब्द सैलपणे वापरतो. डोक्यावर पाटी घेऊन तासभर उभा राहिलेला मजूर दमतो, त्याने काम केले असे आपण म्हणतो, आणि ते योग्यच आहे. भौतिकशास्त्रातील ‘कार्य’ मात्र काटेकोर आहे. एखाद्या वस्तूवर बल लावले आणि त्या बलाच्या रेषेत ती वस्तू सरकली, तरच कार्य घडले. बल आणि सरकलेले अंतर यांचा गुणाकार म्हणजे कार्य. बल न्यूटनमध्ये आणि अंतर मीटरमध्ये मोजले की कार्य ज्यूलमध्ये मिळते. साधारण १०० ग्रॅम वजनाचे फळ जमिनीवरून १ मीटर उंच उचलले, की सुमारे १ ज्यूल कार्य होते.

बल आणि गती यांची दिशा एकच असेल, तर कार्य धन. त्या परस्परविरुद्ध असतील, तर कार्य ऋण. गाडी पुढे जात असते आणि तिला रोखणारे बल मागच्या दिशेला असते. म्हणून उणे चिन्ह. इंजिन गाडीला ऊर्जा देते, ते धन कार्य. ब्रेक गाडीजवळची ऊर्जा काढून घेतो, ते ऋण कार्य. खतावणीत जमेची बाजू असते तशी खर्चाचीही असते आणि खर्चाची नोंद म्हणजे व्यवहार झालाच नाही असा अर्थ कोणी करत नाही. त्या मुलीच्या शंकेचे पहिले उत्तर हे : ब्रेकने काम केले, आणि पुरेपूर केले.

आकडेमोड

गतिमान वस्तूजवळ गतीमुळे जी ऊर्जा असते, तिला गतिज ऊर्जा म्हणतात. सूत्र सर्वांनी शाळेत पाठ केलेले आहे :

गतिज ऊर्जा = ½ × वस्तुमान × वेगाचा वर्ग

गाडी पूर्ण थांबली की गतिज ऊर्जा शून्य होते. म्हणजे सुरुवातीला जेवढी होती तेवढी सर्व काढून घेतली गेली. सपाट रस्त्यावर, हवेचा विरोध बाजूला ठेवला तर, ब्रेकचे कार्य गाडीच्या मूळ गतिज ऊर्जेइतकेच असते.

आता उदाहरण. ताशी किलोमीटरमधील वेगाला ३.६ ने भागले की सेकंदाला मीटर मिळतात. ७२ भागिले ३.६ म्हणजे सेकंदाला २० मीटर. विसाचा वर्ग ४००. अर्धा गुणिले १,००० गुणिले ४०० म्हणजे २,००,००० ज्यूल. म्हणून ब्रेकचे कार्य उणे २ लाख ज्यूल.

हीच गाडी तीन वेगवेगळ्या वेगांनी जात असेल, तर काय होते ते पाहू :

ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर : ५०,००० ज्यूल
ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर : २,००,००० ज्यूल
ताशी १०८ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ३० मीटर : ४,५०,००० ज्यूल

वेग दुप्पट झाला तर कार्य चौपट, आणि तिप्पट झाला तर नऊपट. वेगमापकाचा काटा ७२ वरून १०८ वर जातो तेव्हा आपल्याला वेग ‘दीडपट’ झालेला जाणवतो. ब्रेकवर मात्र सव्वादोनपट ओझे पडते.

येथे एका गोष्टीकडे मी वाचकांचे मुद्दाम लक्ष वेधतो. वरील हिशेबात ब्रेक नवा की जुना, रस्ता कोरडा की ओला, चालक कुशल की नवशिका, याचा उल्लेखही आलेला नाही. कार्य किती करावे लागणार, हे फक्त वस्तुमान आणि वेग यांवर ठरते. ब्रेकवर पाय पडण्यापूर्वीच तो आकडा पक्का झालेला असतो. तो आकडा ब्रेकच्या पायाने नव्हे, ॲक्सिलरेटरच्या पायाने लिहिलेला असतो.

हा ‘वर्ग’ कुठून आला?

इतिहासाच्या शिक्षकाला हा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. सूत्रे आकाशातून पडत नाहीत. त्यांच्यामागे माणसे, वाद आणि प्रयोग असतात.

सतराव्या शतकात फ्रान्सच्या देकार्तने गतीचे माप वस्तुमान आणि वेग यांच्या गुणाकाराने करावे असे मांडले होते. जर्मन विचारवंत लायब्निट्झ याने १६८६ मध्ये त्याला आव्हान दिले. त्याचे म्हणणे असे की, गतिमान वस्तूचे खरे सामर्थ्य वेगावर नव्हे, तर वेगाच्या वर्गावर मोजले पाहिजे. वाद अनेक दशके चालला. अखेर नेदरलँड्समधील ग्राव्हेसांडे या प्राध्यापकाने साधा प्रयोग केला आणि १७२२ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्याने पितळेचे गोळे निरनिराळ्या उंचीवरून मऊ चिकणमातीत सोडले आणि पडलेले खळगे मोजले. दुप्पट वेगाने आदळलेल्या गोळ्याने दुप्पट नव्हे, चौपट मातीला जागा करायला लावली. मातीने त्या गोळ्यासाठी ‘ब्रेक’चे काम केले होते, आणि तिने वर्गाची साक्ष दिली.

या प्रयोगाचे महत्त्व ओळखून ते १७४० मधील आपल्या ग्रंथात ठामपणे मांडणारी विदुषी होती एमिली द्यु शातले. स्त्री म्हणून तिला विद्यापीठाची दारे बंद होती आणि फ्रान्सच्या विज्ञान अकादमीचे सदस्यत्व मिळणे शक्य नव्हते. तिने घरी शिक्षक ठेवून गणित आत्मसात केले. न्यूटनच्या ‘प्रिन्सिपिया’ या ग्रंथाचा तिने केलेला फ्रेंच अनुवाद तिच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, १७५९ मध्ये संपूर्ण प्रसिद्ध झाला. ज्यांना ज्ञानाच्या दारापाशी अडवले गेले त्यांनीच ते ज्ञान पुढे नेले, हे इतिहासात पुन्हा पुन्हा दिसते. वसतिगृहातील त्या मुलीला मी ही हकीकत सांगितली, तेव्हा सूत्रापेक्षा तिला ती अधिक लक्षात राहिली असावी.

‘कार्य’ या शब्दाला आजचा नेमका अर्थ आणि सूत्रातील ‘½’ या दोन्ही गोष्टी रूढ झाल्या त्या फ्रेंच अभियंता कोरिओलिस याच्या १८२९ मधील ग्रंथामुळे. ते यंत्रयुग होते; यंत्र किती काम करते याचा हिशेब कारखानदारीला हवा होता. त्यानंतर इंग्लंडमधील जेम्स ज्यूल याने १८४० च्या दशकात पाण्यात फिरणाऱ्या वल्ह्यांचे प्रयोग करून ठराविक कार्यापासून ठराविक उष्णता मिळते हे सिद्ध केले. ज्याचे नाव आपण एककाला दिले, त्या ज्यूलनेच आपल्या पुढच्या प्रश्नाचे उत्तर देऊन ठेवले आहे.

काढून घेतलेली ऊर्जा जाते कुठे?

ऊर्जा नष्ट होत नाही. ब्रेक दाबला की ब्रेकचे पॅड फिरणाऱ्या डिस्कला, किंवा लायनर ड्रमला, घट्ट घासतात. गाडीची गतिज ऊर्जा तेथे उष्णतेत रूपांतरित होते. ताशी १०८ किलोमीटर वेगाने जाणारी आपली गाडी एकदा थांबवली की साडेचार लाख ज्यूल उष्णता तयार होते. एवढ्या उष्णतेने दीड लिटर पाणी २८ अंश सेल्सिअसपासून उकळीपर्यंत तापेल. स्टोव्हवर या पाण्याला बरीच मिनिटे लागतात. ब्रेकला ते सहा सेकंदांत उरकावे लागते. ताशी ७२ किलोमीटर वेगाची गाडी चार सेकंदांत थांबवताना ब्रेक सरासरी ५० किलोवॅट, म्हणजे सुमारे ६७ अश्वशक्ती इतक्या दराने ऊर्जा शोषतो. छोट्या मोटारीच्या इंजिनाची पूर्ण शक्ती साधारण एवढीच असते.

विजेवर चालणाऱ्या गाड्यांत आणि मुंबईच्या नव्या लोकल गाड्यांत यातील काही ऊर्जा वाया न घालवता परत मिळवली जाते. तेथे गती कमी करताना मोटार जनित्रासारखी चालते आणि वीज तयार होते. साध्या पेट्रोल-डिझेलच्या गाडीत मात्र सर्व ऊर्जा उष्णता होऊन हवेत जाते.

आणखी एक बारकावा. ब्रेक चाकाला रोखतो. गाडीला रोखतो तो रस्ता. टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षणाचे बल मागच्या दिशेने लागते, म्हणून गाडीचा वेग कमी होतो. ब्रेक कितीही उत्तम असला आणि टायर गुळगुळीत झालेला असला, तर चाक अडकते आणि गाडी घसरत पुढे जाते. घसरणाऱ्या चाकाची पकड कमी असते आणि स्टिअरिंगही त्याला मानत नाही. चाक असे अडकू नये म्हणून नव्या गाड्यांत एबीएस ही योजना असते. ती रस्त्याची असलेली पकड पूर्ण वापरू देते. नसलेली पकड निर्माण करत नाही.

अंतराचा हिशेब

कार्य म्हणजे बल गुणिले अंतर. कार्याचा आकडा पक्का असल्यामुळे बल कमी मिळाले तर अंतर वाढणार, याला इलाज नाही. आपल्या १,००० किलोग्रॅमच्या गाडीला कोरड्या रस्त्यावर ५,००० न्यूटन बल मिळते असे धरू. चांगल्या टायरांना कोरड्या डांबरी रस्त्यावर याहून अधिक बल मिळू शकते. परंतु नेहमीचा रस्ता, नेहमीचे टायर आणि नेहमीचा चालक यांना हा आकडा धरून चालणे शहाणपणाचे.

ताशी ३६ वेगाला : ५०,००० भागिले ५,००० म्हणजे १० मीटर.
ताशी ७२ वेगाला : २,००,००० भागिले ५,००० म्हणजे ४० मीटर.
ताशी १०८ वेगाला : ४,५०,००० भागिले ५,००० म्हणजे ९० मीटर.

पावसाने रस्ता ओला झाला आणि बल निम्म्यावर आले, तर हीच अंतरे २०, ८० आणि १८० मीटर होतात.

यात अजून माणूस धरलेला नाही. समोर काही दिसणे, ते धोक्याचे आहे हे उमगणे आणि पाय ब्रेकवर जाणे, यात साधारण एक सेकंद जातो. थकलेल्या, झोपाळलेल्या किंवा मोबाईलकडे पाहणाऱ्या चालकाला अधिक. या सेकंदात ब्रेकचे कार्य शून्य असते आणि गाडी मूळ वेगानेच धावत असते. म्हणून कोरड्या रस्त्यावरचे खरे अंतर अनुक्रमे २०, ६० आणि १२० मीटर.

आता एक प्रसंग कल्पनेत आणा. रस्त्यावर ६० मीटर पुढे एक मालमोटार बंद पडून उभी आहे. ताशी ७२ ने येणारा चालक तिच्या अगदी जवळ, परंतु न आदळता थांबतो. ताशी ९० ने येणाऱ्या चालकाचे काय? त्याची गाडी एका सेकंदात २५ मीटर जाते. ब्रेकसाठी ३५ मीटर उरतात. त्या ३५ मीटरमध्ये ब्रेक १,७५,००० ज्यूल काढून घेतो. मूळ ऊर्जा होती ३,१२,५०० ज्यूल. शिल्लक १,३७,५०० ज्यूल, म्हणजे ताशी सुमारे ६० किलोमीटरचा वेग. ताशी १०८ ने येणारा असाच हिशेब केला तर ताशी ८८ किलोमीटर वेगाने आदळतो. वेग अठराने जास्त म्हणून धडक अठराच्या वेगाने होईल, असे मन म्हणते. गणित तसे म्हणत नाही.

रात्री प्रश्न अधिक कठीण होतो. मंद झोताच्या दिव्यांत साधारण चाळीस-पन्नास मीटरपर्यंतच नीट दिसते. वरील पद्धतीने ताशी ६० किलोमीटरला थांबण्याचे अंतर सुमारे ४५ मीटर येते. म्हणजे मंद झोतात ताशी ६० च्या पुढे जाणारा चालक, दिसेल तेव्हा थांबता येणार नाही अशा वेगाने जात असतो.

हे लिहिताना हात थबकतो. काही वर्षांपूर्वी आपल्या शाळेचा एक माजी विद्यार्थी रात्री दुचाकीवरून गावी परतत असता, रस्त्याच्या कडेला दिवे न लावता उभ्या केलेल्या मालमोटारीवर मागून आदळून गेला. गणितात तो नेहमी पहिला असे. दोष तशी गाडी उभी करणाऱ्याचा होता, यात मला शंका नाही. तरीही एक गोष्ट मनातून जात नाही. सूत्र त्याला पाठ होते. आम्हीच ते पाठ करून घेतले होते. त्या सूत्रातील वर्ग अंधाऱ्या रस्त्यावर कसा दिसतो, हे मात्र आमच्यापैकी कोणीही त्याला दाखवले नाही. आम्हाला गुण हवे होते आणि गुण मिळाले.

दुचाकी हलकी म्हणून लवकर थांबते, हा एक मोठा भ्रम आहे. दुचाकीचे वस्तुमान कमी असल्याने ब्रेकचे कार्य कमी असते हे खरे. पण रस्त्याकडून मिळणारे घर्षणबलही वजनाच्या प्रमाणातच कमी असते. भागाकार केला की वस्तुमान उडून जाते आणि अंतर जवळपास तेवढेच उरते. अंतरावर सत्ता चालते ती वेगाच्या वर्गाची. याउलट, क्षमतेपेक्षा जास्त भरलेल्या टेम्पोची गोष्ट आहे. त्याचे ब्रेक ठराविक बलापुरतेच बनवलेले असतात. भार वाढला तरी ते बल वाढत नाही, आणि अंतर मात्र वाढत जाते.

घाट : थांबायचे नसतानाही करावे लागणारे कार्य

आतापर्यंत रस्ता सपाट धरला. आता बोरघाटात येऊ. खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना गाडी सुमारे ५०० मीटर खाली येते. उंचीवरच्या वस्तूजवळ स्थितिज ऊर्जा असते : वस्तुमान गुणिले ९.८ गुणिले उंची. २५ टनांची भरलेली मालमोटार घ्या. २५,००० गुणिले ९.८ गुणिले ५०० म्हणजे १२ कोटी २५ लाख ज्यूल. गाडी एकाच वेगाने उतरवायची, वेग वाढू द्यायचा नाही, तर एवढी सर्व ऊर्जा वाटेत कोठेतरी जिरवली पाहिजे. काही भाग हवा आणि चाकांचे घर्षण घेते. उरलेली सारी ब्रेकवर टाकली तर काय होईल? ही संपूर्ण ऊर्जा सुमारे ४०० लिटर, म्हणजे दोनशे लिटरची दोन पिंपे पाणी उकळीपर्यंत तापवण्याइतकी आहे. घाटात जळक्या लायनरचा जो वास येतो, तो या हिशेबाचा वास आहे.

ब्रेक मर्यादेबाहेर तापले की लायनरची पकड घटते. लहान गाड्यांत ब्रेकचे तेल उकळून नळीत वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल पोकळ लागते. चालक म्हणतो, ‘ब्रेक फेल झाला.’ पुष्कळदा ब्रेक मोडलेला नसतो. त्याच्याकडून होणार नाही इतके कार्य त्याच्याकडे मागितलेले असते.

म्हणून जुने चालक सांगतात : ज्या गिअरमध्ये घाट चढाल, त्याच गिअरमध्ये उतरा. खालच्या गिअरमध्ये गाडीच इंजिनाला फिरवते आणि बरीचशी ऊर्जा इंजिन जिरवते. डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रल करून उतरणारा चालक हा साहाय्यक स्वतःच्या हाताने दूर करतो. शिवाय नव्या इंजिनांत गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंधनपुरवठा आपोआप बंद होतो, आणि न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी इंधन लागतेच. म्हणजे बचतही होत नाही. इंजिनच बंद केले, तर हवेच्या ब्रेकला हवा भरून देणारा कंप्रेसरही बंद पडतो.

याच घाटात दीडशे वर्षांपूर्वी रेल्वेच्या अभियंत्यांपुढे हाच प्रश्न उभा होता. १८६३ मध्ये बोरघाटाचा लोहमार्ग सुरू झाला. सुमारे २५ किलोमीटरमध्ये १,८३१ फूट चढ, आणि सर्वांत कठीण जागी ३७ फुटांमागे १ फूट. तो बांधण्यासाठी हजारो मजूर कड्यांवर राबले. अपघातांनी आणि पटकीच्या साथींनी त्यांतील कितीतरी जणांचे प्राण घेतले. अभियंत्यांची नावे ग्रंथांत आहेत, मजुरांची नाहीत. उतारावर गाडी ताब्यात राहिली नाही तर काय, यासाठी तेथे ‘कॅच सायडिंग’ ठेवण्यात आल्या. ही मुख्य मार्गातून फुटून चढावर जाणारी शाखा असते. बेताल झालेली गाडी तिच्यावर वळवली की तिची गतिज ऊर्जा पुन्हा उंचीत, म्हणजे स्थितिज ऊर्जेत बदलते आणि गाडी थांबते. ब्रेक जे कार्य करू शकला नाही, ते पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाकडून करवून घेण्याची ही युक्ती.

गाडी थांबली, माणूस?

शेवटचा हिशेब आपल्या शरीराचा. ताशी ७२ ने जाणाऱ्या गाडीत बसलेल्या ६० किलोग्रॅमच्या माणसाजवळही १२,००० ज्यूल गतिज ऊर्जा असते. साधारण २० मीटर, म्हणजे सहा-सात मजल्यांच्या उंचीवरून पडलेल्या माणसाजवळ जमिनीलगत एवढीच असते. ही ऊर्जा काढून घेतल्यावाचून तो थांबणार नाही. प्रश्न फक्त किती अंतरात, एवढाच. ब्रेकने ४० मीटरमध्ये थांबवले तर शरीरावर ३०० न्यूटन बल पडते, म्हणजे सुमारे ३० किलोंचा भार. धडकेत सीटबेल्ट आणि चेपणारा पुढचा भाग यांनी मिळून ६० सेंटिमीटर दिले, तर २०,००० न्यूटन, म्हणजे दोन टनांचा भार. बेल्ट नसेल आणि छाती डॅशबोर्डवर १० सेंटिमीटरमध्ये थांबली, तर १,२०,००० न्यूटन, म्हणजे बारा टन. कार्य तिन्ही वेळा तेच. मागच्या आसनावर बसणाऱ्यालाही हे गणित तितकेच लागू आहे, आणि मांडीवरचे मूल हातांनी धरून ठेवता येईल ही आशा बारा टनांपुढे टिकत नाही.

समारोप

त्या विद्यार्थिनीला मी हे सर्व तीन-चार दिवसांत सांगितले. तिने वहीत उत्तराखाली एक वाक्य स्वतःहून लिहिले : ‘उणे चिन्ह म्हणजे ब्रेकने गाडीकडून ऊर्जा काढून घेतली, जितका वेग दिला, त्याच्या वर्गाने परत मागितली.’ पाठ्यपुस्तकात असे वाक्य नाही, तरी मी त्यापुढे बरोबरची खूण केली.

माजी विद्यार्थ्यांना एवढेच सांगतो. शंभर किलोमीटरच्या वाटेवर ७२ ऐवजी ९० चा वेग ठेवला तर सतरा मिनिटे वाचतात. मेळाव्याला येताना ती सतरा मिनिटे उशीर झाला, तर कोणी रागावणार नाही. स्वयंपाकघरात ताट झाकून ठेवण्याची येथील पद्धत अजून मोडलेली नाही.

स्वाध्याय

(घरातील मुलांसह सोडवावा. वरीलप्रमाणेच चालकाचा विचाराचा वेळ १ सेकंद धरावा.)

१. दोन माणसांसह २५० किलोग्रॅम वस्तुमानाची दुचाकी ताशी ५४ किलोमीटर वेगाने जात आहे. ती थांबवताना ब्रेकचे कार्य किती? ब्रेकचे बल १,२५० न्यूटन असल्यास एकूण किती अंतर लागेल?

२. १२,००० किलोग्रॅमची प्रवासी बस त्याच वेगाने जात असल्यास ब्रेकचे कार्य किती?

३. पावसाळी रात्री चालकाला ५० मीटरपर्यंतच दिसते. १,००० किलोग्रॅमच्या मोटारीला ओल्या रस्त्यावर २,५०० न्यूटनच बल मिळत असेल, तर दिसेल तेवढ्या अंतरात थांबण्यासाठी वेग जास्तीत जास्त किती असावा?

उत्तरे : १. उणे २८,१२५ ज्यूल. विचाराचे १५ मीटर आणि ब्रेकचे साडेबावीस मीटर मिळून साडेसदतीस मीटर. २. उणे १३,५०,००० ज्यूल. ३. ताशी सुमारे ४८ किलोमीटर.